होडीचा रकाना

शिरवण्याच्या मालतीबाईंशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून यावं. एकसष्ट वर्षांची ही बाई अजूनही खाडीचं पाणी ओसरलं की लोखंडी आकडी घेऊन तिवरांच्या चिखलात उतरते आणि बिळांतून चिंबोऱ्या ओढून काढते. घरी कालवणाला पुरतील एवढ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. मुलगा मिथुन कातावतो. "आई, आपल्या चार खोल्या भाड्यानं हायत. चिखलात कनाला जातेस? लोक हसतात."

"खोल्या तुझ्या, खाडी माझी. हसू दे लोकांना!" म्हणून मालतीबाई निघतात.

पण गेल्या साली ती खाडीच हातची जायची वेळ आली. नव्या रस्त्यासाठी किनाऱ्याला पत्रे ठोकले, गेट बसवलं, गेटवर वॉचमन आला. यादीत नाव असलेल्या मच्छीमारालाच आत सोडणार, म्हणे. आणि यादीत सगळे होडीवाले बाप्ये! चिखलात पायी उतरणारी एक बाई नाही. चाळीस वर्षं जी या खाडीवर जेवली, ती मच्छीमारच नाही? डोकं फिरेल नाही तर काय होईल?

यादी करणारा यशराज, साताऱ्याकडचा पोरगा, खाडीच्या बांधावरच भेटला. मालतीबाईंनी त्याची वाटच अडवली.

"मावशी, माझ्यावर कशाला चिडताय? प्रूफ लागतं. चिंबोरी हातात धरलेला फोटो द्या, लगेच फॉर्म भरतो. फक्त आज शेवटचा दिवस आहे."

"मंग चल. आताच."

पाणी चढायला लागलं होतं. यशराज सोबत म्हणून वॉचमननं आत सोडलं. मिथुनही धावत आला आणि बांधावर उभा राहिला. मालतीबाईंनी कासोटा खोचला आणि गुडघाभर चिखलात शिरल्या. चार बिळं बघून सोडली. पाचव्यात आकडी घातली, जरा थांबल्या, हाताला ओढ लागली तशी अलगद फिरवली. बाहेर आली तळहाताहून मोठी चिंबोरी, नांग्या उगारून!

यशराज मोबाईलवरचा चिखल पुसेपर्यंत मालतीबाईंनी ती पाण्यात सोडूनसुद्धा दिली.

"अहो मावशी! फोटो!"

"पयली खाडीची. सासूनं लगीन झाल्यावर पयल्याच दिवशी सांगितलंन. चाळीस वर्सं पाळतेय."

मिथुननं कपाळावर हात मारला. "आई, आजचा दिवस तरी!"

"आज कनाला? मोबाईल आला म्हनून खाडीचं खाऊ?"

बोलल्या खऱ्या, पण पाणी थोडंच थांबणार होतं? एकेक बीळ पाण्याखाली जात होतं. आकडीनं आता काही कळेना. त्यांनी आकडी मिथुनकडे फेकली, कमरेइतक्या पाण्यात वाकल्या आणि बिळात खांद्यापर्यंत हात घातला. गाल पाण्याला टेकला. यशराज घाबरून ओरडायला लागला, "राहू द्या मावशी, टेन्शन नका घेऊ, या बाहेर!"

आल्या. बोटाला चिंबोरी लटकलेली, मनगटावरून रक्त ओघळतंय, तोंडावर चिखल.

"काड फोटो. नीट काड, दुसरी सोडनार नाय."

त्यानं फोटो काढला. मिथुननं नांगी सोडवली आणि आपला रुमाल आईच्या बोटाला बांधला. यशराज बांधावर बसून फॉर्म भरू लागला आणि मध्येच अडला. "होडीचा नंबर?"

"होडी नाय."

"हा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही, मावशी."

मालतीबाईंनी चिखलानं माखलेले पाय त्याच्या पुढ्यात आणून ठेवले. "लिही. होडी, दोन पाय."

पोरानं एकदा त्या पायांकडे पाहिलं आणि तसंच लिहिलं. मग मालतीबाईंनी त्याला हलू दिलं नाही. मिथुनला गावात पिटाळलं आणि चिखलात जाणाऱ्या आणखी सहा जणींना बोलावून घेतलं. एकेकीनं फोटो दिला, एकेकीनं पाय दाखवले. शेवटचा फॉर्म भरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सुकती, म्हणजे ओहोटी, आली, पण यशराजनं तारखेबद्दल चकार शब्द काढला नाही.

महिन्याभरानं गेटवर नवी यादी चिकटली. वॉचमन बोट ठेवून वाचत होता. "होडी, दोन पाय. होडी, दोन पाय." सात वेळा वाचलं आणि त्याला हसू फुटलं.

मालतीबाई आकडी घेऊन समोर उभ्या होत्या, मागे सहा जणी.

"हसतोस काय? पानी ओसरलंय. उघड गेट!"