पोटात असताना लागलेलं भेव

बायका माझ्या बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मला आठवा महिना होता. नवऱ्याला कळमन्यात ट्रकने चिरडलं होतं आणि प्रेत अजून अंगणातच होतं. मी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "पोर होऊ द्या, मंग फोडा," म्हटलं. जाऊ म्हणाली, "लोक काय म्हणतीन वं?" दोघींनी दंड धरले, तिसरीने मनगटं दगडावर आपटली. काच आत शिरली. पोटातली पोर एकदम उसळली आणि मग संध्याकाळपर्यंत हललीच नाही. मेली असं समजून मी बसून होते.

ती जिवंत निघाली. पण दार आपटलं तरी थरथरायची. मोठी झाली, बँकेत लागली, तरी तेच. उशिरा दिवस गेले तेव्हा तिची झोपच उडाली. जावयाने तिला धरमपेठेत मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही गेले.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "गरोदरपणी आईला मोठा धक्का बसला तर बाळाच्या पेशींवर खुणा राहू शकतात. जनुकं तीच असतात, पण कोणतं किती काम करणार, ते बदलतं."

"त्या खुणा जातच नाही काय?"

"काही पुढे बदलतातही. मात्र तुमच्या मुलीचं त्यानेच झालं, असं मी छातीठोक सांगणार नाही."

"माह्या आंगावरच्या खुणा पाहा तुम्ही. माहे हात धरणाऱ्या बायकायले कोन तपासते?"



बाहेर बाकावर मुलगी म्हणाली, "आई, माह्यातून हे बाळाले गेलं तं? मले वाटते, नकोच हे मूल."

"गेलं तं गेलं. तू भेत भेत शिकली, भेत भेत नोकरी केली. तेही करन. अन् तुले कोनी धराले आलंच, तं मी हावो दारात."

"काय करशीन तू या वयात?"

"चावीन."

"दात कुठी हायेत तुले?"

"कवळी हाये ना वं."

ती हसली. नाक पुसलं आणि पुढची तारीख घ्यायला आत गेली.

नात आता रांगते. ती कशी निघेल, मला ठाऊक नाही. झालं गेलं विसर, असं सांगणारे अजून भेटतात. मी विसरत नाही. तो दिवस मी आणि पोटातली पोर, दोघींनी काढला. दोघी जिवंत आहोत.