टाकीवरची रेंज

शेणवे गावातल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर येते. म्हणून क्रेडिट कार्डाचा ओटीपी आणायला मी मुलीलाच वर पाठवायचो. तेरा वर्षांची ती. फोन तिच्या हातात, कार्डाचा नंबर मीच त्यात भरून ठेवलेला. वरून ती आकडे ओरडायची, अख्खा पाडा ऐकायचा.

मग बिल आलं. मोबाइलवरच्या खेळातल्या खरेदीचं, संध्याकाळच्या वेळांचं. त्या वेळी टाकीवर कोण असतं, हे मला कळत होतं.

मी बँकेत तक्रार केली, तेव्हा तिथल्या मॅडमनी विचारलं, "घरातल्या मुलांनी केलंय का? तसं असेल तर ही फसवणूक धरत नाहीत. बिल पालकांनी भरायचं." मी म्हणालो, "नाय. शहापूरला एका दुकानात फोन काच बदलायला दिला होता, दोन दिवस तिथल्या पोराकडंच होता." आणि तसा अर्ज लिहून दिला.  

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं, तेव्हा मुलीनं ताट सरकवलं.

"बाबा, त्या दादाला पोलीस नेतील? खेळात मी घेतलंय सगळं."

"माहीत आहे."

"माहीत व्हतं, तरी त्याचं नाव घेतलं?"

"उद्या बँकेत जाऊ," मी म्हणालो आणि ताट तिच्यापुढं परत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो. अर्ज परत मागितला आणि त्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं: खरेदी माझ्या मुलीने केली, फोन मी दिला, जबाबदारी माझी.

"मग हप्त्यानं का होईना, भरावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"भरतो," मी म्हणालो. बँकेत माझा आवाज इतका मोकळा कधी निघाला नव्हता.

तिथून सरळ काच बदलणाऱ्याकडं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं हातातला स्क्रू घट्ट केला. मग म्हणाला, "काका, मला चोर ठरवायचाच व्हता तर जरा श्रीमंत चोर तरी ठरवायचा." मुलगी फसकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

फोन अजून तिच्याकडंच असतो. फक्त आता आकडे सांगायच्या आधी ती टाकीवरून विचारते, "बाबा, कशाचे पैसे?" पाड्यात माना वळतात. मी अंगणात ताठ उभा राहतो आणि तितक्याच मोठ्यानं सांगतो.