सुनावणीतली माटोळी

चौतीस वर्षं मी डिचोलीतल्या मराठी शाळांत शिकवलं आणि एवढीच विद्या मिळवली: मुलांना सांगत बसू नका, दाखवा. पावसाळ्यातला बेडूक बरणीत घालून नेला की वर्ग कसा जागा होतो, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. फार गर्व होता मला त्याचा. त्या गर्वाचं फळ आज यशवंत गावस भोगतो आहे.

यशवंत पाळी गावाच्या बाजूचा, माझा शेजारी. तरुणपणी खाणीचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा बापाच्या कुळागरात परतला आणि तिथेच रमला. माड, पोफळी, केळी, पोफळींवर चढलेली मिरी, सगळी बाग डोंगरातून येणाऱ्या एका झरीच्या पाण्यावर. आता एका कंपनीला तो डोंगर खणायचा आहे. तिच्या अहवालात लिहिलंय, 'माथा ओसाड. उल्लेखनीय वनस्पती नाही. बारमाही झरा नाही.' डोंगर गेला की झर जाणार, झर गेली की बाग. हे कळायला यशवंतला अहवाल लागत नव्हता.

त्याने चौदा पानी हरकत लिहिली. शुद्धलेखन मी तपासलं. ग्रामसभेत ती वाचायला उभा राहिला, तर चौथ्या पानावर मागची रांग चहाला गेली. सातव्या पानावर ऐकणारे उरलो आम्ही तिघे, त्यात एक त्याची बायको वत्सलावयनी. घरी येताना तो रडकुंडीला आला होता.

"मास्तर, हें कोण आयकतलो?"

मी लगेच माझी विद्या काढली. म्हटलं, "खाणीच्या सरकारी सुनावणीत वाचू नकोस. दाखव. डोंगरावर काही नाही म्हणतात ना? मग डोंगरच आणून टांग त्यांच्यासमोर."

सुनावणी गणपतीच्या चवथीच्या आठ दिवस आधी होती. देवाच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीसाठी रानातली फळं आणायचा हंगाम तोच. यशवंत दोन दिवस डोंगरावर होता. घरातली माटोळीची लाकडी चौकट त्याने खाली काढली, तेव्हा वत्सलावयनी दारात आडवी उभी राहिली.

"देव घरांत येवचे आदीं माटोळी? तुका पिसें लागलां?"

"देव येतलो तेन्ना दोंगर उरूंक जाय मगे," तो म्हणाला. डोंगर उरायला हवा, हे तिलाही पटलं; मग तीच कोपऱ्यात बसून फळं बांधायला केवणीच्या झाडाच्या सालीचे दोर वळायला लागली.

सुनावणीच्या मांडवात कंपनीने दोन तास पडद्यावर चित्रं दाखवली. खणून झाल्यावर हिरवागार होणारा डोंगर, दप्तरं घेतलेली हसरी मुलं, नळाचं पाणी. लोक टक लावून बघत होते. ग्रामसभेतून चहाला पळालेलेच. मला चीड आली, आणि आपली युक्ती बरोबर आहे याचा आनंदही झाला.

मग यशवंतने चौकट मांडवाच्या दोन खांबांना बांधली. तिला टांगलेलं डोंगरावरचं सगळं: कांगलं, कवंडळं, घागऱ्या, वाघनखीची फुलं, रानातले आंबाडे. एकेकाला हात लावून तो सांगायचा, हे माथ्यावरचं, हे कड्याचं, हे झरीच्या तोंडाकडलं, पाण्याशिवाय जगत नाही. अर्धा तास बोलला. एक माणूस उठला नाही, म्हणजे बाहेर जायला उठला नाही. पुढे यायला सगळे उठले. बायका फळांची नावं त्याच्या आधीच ओरडत होत्या. कंपनीचा पोरगेलासा साहेबसुद्धा मोबाईलवर फोटो काढत होता. टाळ्या पडल्या, नाटकाला पडतात तशा.

सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी हसून विचारलं, "फार छान. लेखी काही द्यायचं आहे?"

यशवंत घामाने निथळत होता, चेहरा फुलला होता. माटोळीकडे हात करून म्हणाला, "हें न्हय तर कितें?"

पुन्हा टाळ्या. चौदा पानं माझ्या पिशवीत होती. मी उठलो नाही. खरं सांगतो, त्या टाळ्या मला माझ्याच वाटत होत्या. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं.

चवथ झाली, विसर्जन झालं. त्यानंतर सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत आली. यशवंतने ती माझ्या हातात दिली आणि वाचायला सांगितलं. त्याच्या नावापुढे दोन ओळी होत्या: 'श्री. यशवंत गावस यांनी स्थानिक फळांची रोचक माहिती दिली. उपस्थितांनी कौतुक केले. लेखी हरकत नाही.' लेखी हरकतीची मुदत सुनावणीच्या दिवशीच संपली होती. मी दोन कचेऱ्यांत जाऊन गयावया केली, हात जोडले, पाया पडायचंच बाकी राहिलं. दोन्हीकडे मला 'लेखी हरकत नाही' हीच ओळ दाखवली.

संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसलो. माफी मागायला गेलो होतो. त्याने मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला, वर्गात धडा न समजलेला मुलगा बघतो तसा.

"इतलीं मनशां उठलीं, मास्तर. सगळ्यांक दोंगर दिसलो. तुवेंय पळयलें मरे?"

"पळयलें," मी म्हणालो. मी पाहिलंच होतं.

"मागीर तें कोणेंच कागदार बरयलें ना?"