भोलूच्या पेटीत लोटाभर दूध

मित्रांनो, आज नागपंचमी आहे आणि माझं डोकं फिरलंय.

माझ्या पाळीव अजगराला, भोलूला, फुफ्फुसाचा संसर्ग झालाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, पेटी गरम आणि कोरडी ठेवा. दोन आठवडे मी आतली ओल मोजतोय.

सकाळी औषध आणायला फ्रीगंजच्या बाजारात गेलो. परत येतो तर आत्यानं झाकणाच्या जाळीतून लोटाभर दूध ओतलेलं! वर पेटीला ऊब देणारा बल्बही बंद केलेला. म्हणे, "बिचाऱ्याला गरमी होत होती."

वर्षभर "फेंक आ इसको" म्हणणारी हीच ती आत्या.

खालचा भुसा चिंब, भोलू तोंड वासून पडलेला. मी ओरडलो, तर ती हात जोडून म्हणाली, "बघ, आशीर्वाद देतोय."

अगं, श्वास घेता येत नाहीये त्याला!

तुमच्या घरी आज कोणाला मिळाला असा आशीर्वाद?