बाजेवरून जाणारी आगगाडी

माझ्या सासऱ्यांचा जन्म गेला करमाडच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलण्यात. घरात जेवत असले आन् गाडीची शिट्टी ऐकली, की ताटावरनं उठायचे. असला माणूस लकव्यानं पडला, पुंडलिकनगरच्या आमच्या हॉलमधी, बाजेवर, उताणा. वाचा गेली, मान वळेना, हलायचा तेवढा डावा हात. दिवसभर बघायला काय, तर छत.

आमच्या ह्यांच्या मनानं घेतलं, बापाला छताखालीच गाडी दाखवायची. गुलमंडीच्या बाजारातनं बॅटरीवरची खेळण्यातली आगगाडी आणली, पोतंभर रूळ आणले. चारी भिंतींना, दाराच्या चौकटीच्या वरून, ब्रॅकेटांवर प्लायची फळी; आन् मधोमध, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बाजेच्या बरोब्बर वरून पूल, असा बेत.

"येडे झालात का? म्हाताऱ्याच्या अंगावर कोसळला म्हंजे?" मी म्हणलं.

"गप गं. कडंकडंनं गेलेली त्याला दिसंल का?"

धाकट्या दिराला मात्र सांगायचं नाय, असं ठरलं. "पूल झाला की त्याच्याच हातानं बटण दाबू," हे म्हणाले. दिराचं आन् जावेचं कवापासून टुमणं होतं, हॉलमधी भिंत घाला, आमचं आम्हाला द्या. ह्यांचं एकच उत्तर, बाप हाय तवर भिंत नाय. ह्यांना वाटायचं, भावानं ते बटण दाबलं की भिंतीचं खूळ जाईल. भोळा माणूस!

आता आखणी. कागदावर नकाशा काढणं ह्यांना कधी जमलं नाय. आमच्यात गोठा बांधायचा असू द्या नायतर बंगला, आधी जमिनीवर चुन्याची फक्की टाकायची, मग वर चढायचं. गाडीचं तसंच केलं. बाज भिंतीकडं सरकवली, हॉलच्या मधोमध फक्कीची पांढरीफेक रेघ मारली, आन् गल्लीतल्या मिस्तरीचाचांचा ओळंबा घेऊन स्टुलावर चढले, पुलाची जागा वर घ्यायला.

तेवढ्यात दीर ड्युटीवरनं आला. त्याच्या मागं माझी जाऊ. उंबऱ्यातच थांबला, रेघेकडं बघत.

चोराच्या मनात चांदणं! मधोमध फक्की म्हंजे त्याला एकच गोष्ट दिसली.

"वाटणी आखायलास व्हय? मला न इचारता? आन् बापाला कोणत्या अर्ध्यात टाकणार?"

ह्यांनी एक शब्द बोलायचा होता, गाडी. पण घराण्यातच नाय ना सरळ बोलणं! म्हणाले, "तुला इचारायला तू कोण लागून गेलास?"

झालं. दिरानं स्टुलाला लाथ घातली. हे पाठीवर आपटले, आन् उठायला हात टेकला तोच दिरानं ब्रॅकेट उचललं आन् त्या हातावर हाणलं. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ह्यांनी डाव्या हातानं ओळंब्याची दोरी गरकन फिरवली, तो लोखंडी गोळा दिराच्या भुवईवर बसला, कातडं उलटलं, रक्त फक्कीवर सांडलं. जाऊ ओरडली, "मारून टाकला गं बाई!" आन् माझ्या नरड्याला आली. मी तिच्या झिंज्या धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला लई बरं वाटलं.

तेवढ्यात बाजेवर नजर गेली. म्हाताऱ्यानं डावा हात सरळ वर केला होता. बावटा नसला, की रेल्वेचा माणूस दोन्ही हात वर करतो; म्हाताऱ्याचा हलायचा तेवढा एकच. धोका, गाडी थांबव. हा इशारा आमच्या घरात लेकरालाबी ठाऊक होता. तिघांना दिसला नाय. मला दिसला, तरी मी झिंज्या सोडल्या नायत.

मिस्तरीचाचा धावत आले. "अरे, बाप सामने पडेला है, जरा तो शरम करो!" त्यांनी दोघांना धरून वेगळं केलं. मग मी बाजेखाली लपवलेला गाडीचा खोका ओढला आन् दिराच्या तोंडावर भिरकावला. इंजिन घरंगळत त्याच्या पायाशी गेलं. त्यानं ते बघितलं, पुलाच्या फळ्या बघितल्या. समजलं त्याला. समजून काय करतो? भुवईला टाके पडले, ह्यांची बोटं कायमची वाकडी झाली, आन् दोघंबी एका बापाचे. माफी कोण मागणार?

"घाल म्हणावं भिंत," आमचे हेच म्हणाले शेवटी.

भिंत घालायलाबी चाचाच आले. सूतदोरी काढली, खाली बघितलं, परत खिशात घातली. रक्तानं फक्की फरशीला चिकटून बसली होती, मी घासूनबी गेली नव्हती. ह्यांची आखणी चोख, सुतात. त्याच रेघेवर पहिली वीट बसली.

म्हाताऱ्यानं हात वर केला. दुसरी वीट बसली. हात वरच. थर छातीएवढा झाला, तरी हात खाली येईना. ह्या वेळी आम्ही सगळे बघत होतो, दीर, जाऊ, हे, मी. कोणीबी काम थांबवलं नाय.