दादाचा आवाज आणि बिघडलेली डिस्क

दादाच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर स्पष्टच म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माझा हा थोरला भाऊ भिवंडीत लूमच्या कारखान्यात मास्टर होता. खडखडाटात हाका मारायची सवय, त्यामुळे शेलार गावातल्या घरातही तो ओरडूनच बोलायचा. जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोदामात मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथून मोडीत निघालेल्या एका मशीनवर लिनक्स टाकून मी त्याला दिलं होतं. ॲडमिट होईपर्यंत रोज दुपारी तो त्या मशीनपुढे बसून बोलत राहिला, आवाज जाण्याआधी रेकॉर्ड करून ठेवायला.

ऑपरेशननंतर पावसाळ्यात वहिनीचा फोन आला.

"भावजी, लाईट गेली नि आली. आता नुसता काळा पडदा हाय. पांढरी अक्षरं येतात, पुढं काय न्हाय."

मी गेलो. मशीन चालू असतानाच वीज गेली होती. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याची मशीन जी नोंद ठेवतं, तीच बिघडली होती. दुरुस्ती हाताने करा, असं पडद्यावर आलं होतं.

"मग कर ना," वहिनी म्हणाली.

"दुरुस्तीत उरलंसुरलंही पुसलं जाऊ शकतं. आधी डिस्कची नक्कल काढतो."

नक्कल निघायला दोन दिवस लागले. डिस्क जुनी होती, मध्येच टकटक वाजायची, काही भाग वाचताच आला नाही. दादा शेजारी खुर्ची घेऊन बसायचा. गळ्यावरच्या छिद्रातून त्याचा श्वास ऐकू यायचा. एकदा त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं, "किती गेलं?" मी म्हटलं, "अजून कळत नाही."

मग नकलेवर दुरुस्ती चालवली. मशीन एकेक प्रश्न विचारत होतं, मी हो म्हणत होतो. शेवटी सापडलेल्या फाइलींचा एका फोल्डरमध्ये ढीग पडला. नावं गेलेली, नुसते आकडे. मी एकेक उघडत गेलो. बहुतेक रिकाम्या. काहींत नुसती खरखर.

एक मात्र वाजली.

"अगं, गॅस बारीक कर, दूध उतू चाललंय," दादाचा आवाज आला, तसाच, मोठा. मग "हां, तर काय सांगत होतो..." आणि तिथे तुटला.

वहिनी दारात उभी होती. तिने पदर तोंडावर धरला. दादा पडद्याकडे बघत राहिला. मी ती फाइल पुन्हा लावली, तर त्याने माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला आणि उठून अंगणात गेला.

बाकीचं परत आलं नाही. तेवढा तुकडा मी वहिनीच्या मोबाइलवर टाकून दिला. दादा घरात असताना ती तो लावत नाही. मशीन मी माझ्याकडे परत आणलं. इथंच ठेवू का, असं विचारलं तेव्हा दादाने नकारार्थी मान हलवली होती.