खाली घ्यायचं नाही

मोठ्या दवाखान्यातून आईला सोडताना डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, सेवा करा." आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. आमची जीप पोशेऱ्याला पोचायच्या आत बातमी पोचलेली, आणि ओटीवर बाया रडायच्या तयारीनं बसलेल्या. माझ्या खांद्याला धरून आई उतरली आणि तिनं विचारलं, कोण गेलं?

सेवा म्हणजे काय ते जव्हारहून येणाऱ्या सिस्टरनं मला शिकवलं. कूस कशी बदलायची, तोंड ओल्या फडक्यानं कसं पुसायचं, आणि दुखणं उठायच्या आधीच गोळी द्यायची. त्या गोळीवरून सगळा पाडा माझ्या मागे लागला. अफूची आहे म्हणे, सवय लागेल. लागू दे की. पोटातल्या कॅन्सरनं चाललेल्या बाईला काय पुढच्या साली भाताच्या आवणीला जायचं होतं? गोळी दिली की ती नाचणीची पेज दोन घोट जास्त घ्यायची आणि मला शिव्या द्यायची. त्या शिव्या ऐकून मला बरं वाटायचं.

मग तिचं बोलणं कमी झालं, तशी शेजारच्या पाड्यावरून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण; तिचा शब्द घरात कोणी मोडत नाही. आमच्यात माणूस जायला टेकलं की त्याला खाटेवरून खाली घेतात, सारवलेल्या जमिनीवर. नाहीतर जीव खाटेत अडकतो म्हणतात. आत्यानं जमीन सारवून घेतली आणि माझ्या भावाला आईचे पाय धरायला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. आईच्या पाठीची सालटी निघालेली, गादीवर कूस वळवतानाही ती दात आवळायची. तिला ओल्या जमिनीवर निजवायचं? मी खाटेवर चढून बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. भावाला म्हटलं, हात लावून तर बघ.

आत्या म्हणाली, "पोरी, तिचा जीव अडकला तर पाप तुला लागंल."

"लागू दे. तिची पाठ तरी दुखणार नाही."

आईनं डोळे न उघडता माझं बोट धरलं. "खाली गार लागतं," म्हणाली. भाऊ मागे सरला.

आई खाटेवरच गेली, भर दुपारी, दाराकडे तोंड करून, न कण्हता. नंतर सगळे म्हणाले, खाट रानात टाकून ये. नाही टाकली. धुतली, उन्हात वाळवली, नव्या काथ्यानं विणली आणि तिच्यावर मी निजायला लागले. तिथं भूत निजतं म्हणे. निजू दे, माझीच आई आहे.

यंदा आत्यानं अंथरूण धरलं. मी भेटायला गेले, तर सुना बाहेर जाईपर्यंत ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "ती खाट हाय ना अजून?"

घरी आले आणि भावाला हाक मारली. म्हटलं, धर पाय. खाटेचे.